बंगळूरच्या घरसामानाची कुळकथा

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकराच्या घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांच्या शाळेचा, असे आपण चारचौघांत सांगतो. खरे पाहता त्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी नवराबायकोंची नजर खिळलेली असते ती समोरच्या कपाटावर. हे न्यावे की विकावे? सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली केंद्र सरकारने जे नियम काढले, त्यांत या प्रश्नाचे उत्तर वजनात दिलेले आहे: सहाव्या वेतनस्तरापासून वर सहा हजार किलो, पाचव्याला तीन हजार, त्याखाली दीड हजार. वजन ठरले, भाड्याचा दर ठरला. पण सामान उकलते की नाही आणि उकललेले पुन्हा जुळते की नाही, हे कोणत्याही परिपत्रकात विचारलेले नाही. आमच्या मते परगावी नोकरी करणाऱ्याच्या सामानाचा खरा प्रश्न तोच होय.

आमच्या घरी तीन पिढ्यांची तीन कपाटे होती. आजोबा पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून असताना त्यांनी कॅम्पातल्या एका लिलावात सागवानी, पितळी कोपऱ्यांची, खणांची एक पेटी घेतली होती. वडिलांच्या लग्नात पोलादी कपाट आले. तिसरे कपाट आम्ही बंगळूरच्या पहिल्या मुक्कामात घेतले: पांढरे, गुळगुळीत, आरशाचे, दोन तासांत जोडून दिलेले. ते बंगळूरहून नागपूरास गेले, तेथून कलकत्त्यास, आणि तिसऱ्या खेपेस पुन्हा बंगळूरास आले तेव्हा बिजागरीचे स्क्रू जागच्या जागी गरागरा फिरू लागले. मल्लेश्वरमच्या बाजारातून आणलेल्या मिस्त्रीने ते पाहून हिंदीत एवढेच म्हटले, की साहेब, यात लाकूडच नाही तर स्क्रू धरील कशाला? आजोबांची पेटी त्याच खोलीत, त्याच्याच पाठीशी होती. त्या दिवसापासून आम्ही या शहरातील घरसामानाची थोडी चौकशी आरंभिली. तिचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बंगळूरची मराठी माणसे काहीही सांगू लागली की शहाजीराजांपासून सुरुवात करतात, असा आमच्यावर आक्षेप आहे. या वेळी मात्र त्याला इलाज नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे येथे आले, केंपे गौडाचे ठाणे आदिलशाहीकडे गेले आणि पुढे ते राजांच्या जहागिरीत पडले. त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, ते काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली छापून प्रसिद्ध केले. त्या काळच्या दरबाराचे सामान म्हणजे काय, तर जाजम, गादी, लोड, तक्क्या, वर चांदणी, फार तर एखादा चौरंग. त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू गुंडाळता येते. ज्या सरदाराचे निम्मे आयुष्य तंबूत जावयाचे, त्याच्या वाड्यातला दिवाणखाना हासुद्धा तंबूचाच एक विसावलेला भाऊ असे. एका उंटावर चढणार नाही ते सामान सरदाराच्या कामाचे नव्हे. शहाजीराजांच्या मागे एकोजी येथे होते. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला एक गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख त्यांच्याच काळचा. पुढे त्यांचे बिऱ्हाड तंजावरास हलले, आणि १६८७ साली तीन लाख रुपयांच्या व्यवहारात हे सबंध शहरच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. बंगळूरच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी बदली म्हणावयास हरकत नाही!

पेठेतील रयतेच्या घरांतही सामान असे थोडेच. दाराबाहेर जो ओटा, त्यास कन्नडमध्ये जगली म्हणतात. आल्यागेल्याची बैठक तिच्यावर. आत भिंतीत कोनाडे, दिवळ्या, खुंट्या आणि फडताळ. जेवावयास पाट, निजावयास चटई किंवा वळकटी. जे जड ते घरातच बांधलेले, जे हलके ते गुंडाळलेले. मधल्या जातीचे सामान, म्हणजे जड असूनही सुटे असलेले, त्या घरांत फारसे नव्हतेच. टिपू सुलतानाचा येथील लाकडी महाल हैदराने १७८१ च्या सुमारास आरंभिला आणि १७९१ साली तो पुरा झाला. आजही त्यात शिरले म्हणजे खांब, कमानी आणि सज्जे यांचे लाकूड पाहून माणूस थक्क होतो. आणि मग ध्यानात येते, की हे सगळे लाकूड इमारतीचे आहे, बसावयाच्या वस्तूंचे नव्हे.

शब्द पाहिले तरी हेच दिसते. मराठीतली खुर्ची ही कानडीत कुर्ची, मराठीतले मेज हे कानडीत मेजु. पहिली अरबीतून फारसीच्या वाटेने आलेली, दुसरे फारसीतले. उत्तरेकडची अलमारी पोर्तुगीज आणि येथील पोलादी कपाटाला घराघरांत जे ‘बीरू’ म्हणतात, तो फ्रेंचांचा ब्यूरो. आपले ‘कपाट’ तेवढे संस्कृत. पण संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. भिंतीतल्या फडताळाला दार लागले, पुढे ते भिंतीतून सुटून बाहेर आले, आणि दाराचे नावच त्या सबंध वस्तूला मिळाले असावे, असा आमचा आपला तर्क आहे.

खुर्ची-मेजांचा खरा प्रवेश झाला तो छावणीबरोबर. १७९१ साली कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी मेलुकोट्याजवळ त्याचे उपाशी सैन्य आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा एकत्र आल्या. मराठ्यांच्या लष्करी बाजारात वाटेल ती वस्तू मिळते, हे पाहून इंग्रज चकित झाले होते. १८०९ साली बंगळूरास कायमची छावणी पडली, आणि मद्रासचे सॅपर्स १८३४ पासून येथे आहेत. आता छावणीतला साहेब म्हणजे तरी कोण? आपल्यासारखाच बदलीचा नोकर. आज बंगळूर, दोन वर्षांनी सिकंदराबाद, मग ब्रह्मदेश. त्याच्यासाठी सुतारांनी जे सामान बनविले ते कारागिरीचा एक नमुनाच होते. लंडनमध्ये प्रथम झाले, मग हिंदुस्थानातल्या सुतारांनी उचलले. पलंगाचे पाय आट्यांनी निघतात. जेवणाच्या मेजाचे तीन भाग होतात. पुस्तकांचे कपाट मिटले की खोके होते. आणि खणांची पेटी दोन भागांत एकावर एक बसते, दोन्ही बाजूंस उचलावयास कड्या, कोपऱ्यांना पितळ, आणि कड्या-मुठी लाकडात बुडविलेल्या, म्हणजे बैलगाडीत घासून तुटावयास नकोत. आमच्या आजोबांची पेटी यांपैकीच एक, हे आम्हांस या चौकशीतच उमगले. कोण्या साहेबाची बदली झाली, त्याने लिलाव पुकारला, आणि मिलिटरी अकाउंट्सच्या मराठी कारकुनाने ती उचलली. साहेब लोकांत ही चालच होती: येताना सामान भाड्याने किंवा लिलावात घ्यावे, जाताना लिलावात काढावे. १८९६ साली विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण घोडदळ अधिकारी बंगळूरास आला आणि दोन मित्रांसह एका बंगल्यात राहिला. येथून जाताना त्याने काय विकले ते कोठे नमूद नाही. क्लबाच्या वहीत मात्र त्याच्या नावावर तेरा रुपयांचे न फिटलेले देणे आजतागायत दाखवितात.

या उकलत्या सामानात एक खुर्ची अशी निघाली की तिचे नाव काढल्यावाचून पुढे जाववत नाही. रुडकीच्या लष्करी इंजिनियरांवरून तिला ‘रूर्की’ खुर्ची म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आठ-दहा लाकडी दांडे, थोडे किंतान, दोन-तीन चामडी पट्टे, की झाली. खिळा नाही, सरस नाही. दांड्यांची निमुळती टोके भोकांत घालावयाची, आणि माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधे घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तरी चारी पाय टेकतात, कारण सांधे ताठर नाहीत. बसणाऱ्याचे वजन शत्रू न मानता त्याला कामाला लावावयाचे, ही युक्ती ज्या कोणा अनामिकाला सुचली त्याला नमस्कार असो. ही जात शिकाऱ्यांबरोबर आफ्रिकेत गेली. तेथील सफरीच्या चित्रांत ती पाहून कोरे क्लिंट या डेन्मार्कच्या रचनाकाराने १९३३ साली आपली ‘सफारी’ खुर्ची केली, आणि तेथून ती उत्तर युरोपच्या साध्या, हलक्या, आधुनिक म्हणविणाऱ्या शैलीच्या वंशावळीत जाऊन बसली. आज बंगळूरच्या इंदिरानगरात आणि कोरमंगलात ‘स्कँडिनेव्हियन’ या नावाखाली जी बारीक पायांची खुर्ची मांडलेली असते, तिच्या आजोळाकडून पाहू गेल्यास रुडकीची छावणी लागते. मामाच्या गावची मुलगी परदेशी सून म्हणून घरात यावी, तशातला हा प्रकार!

छावणीच्या बाहेर देशी बंगळूर बदलले ते प्लेगने. १८९८ साली प्लेगने पेठ हवालदिल केली. चामराजपेट १८९२ पासून होतेच, आता बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही नवी उपनगरे आखली गेली. रुंद रस्ते, प्रत्येक घराभोवती बाग, मंगलोरी कौले (बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगलोरास १८६५ साली निघाला होता), लाल ऑक्साइडची आरशासारखी जमीन, आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार झडप, जिला येथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. १९०५ साली शिवनसमुद्राची वीज शहरात आली. या घरांत प्रथमच देशी मध्यमवर्गाने ‘हॉल’ नावाची खोली सजविली. वेताची आरामखुर्ची, जिच्या लांब हातांवर वकीलसाहेब पाय पसरीत. शिसवी गोल मेज. छताच्या कड्यांना टांगलेला झोपाळा. आणि ऑस्ट्रियाकडून आलेल्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ज्या आपण इराण्याच्या हॉटेलांत पाहिल्या आहेत. त्या खुर्चीची मूळ जात थोनेट या कारखानदाराने १८५९ साली काढली. सहा तुकडे आणि दहा स्क्रू. एका घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या बसत. हेही उकलणारेच सामान, पण स्क्रू शिरे ते सबंध बीच झाडाच्या लाकडात.

शिसवी म्हटले म्हणजे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या आजोळी जे काळसर जांभळे, जड, तेल पाजल्यासारखे लाकूड होते ते सह्याद्रीतले शिसव. आज दुकानांत ‘शीशम’ म्हणून जे विकले जाते ते उत्तरेकडचे, त्याच कुळातले पण वेगळ्या झाडाचे. नाव जवळचे, रंगही कधी जवळचा. वजन मात्र उचलून पाहावे. म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्याची हस्तिदंत जडविलेली दारे या दक्षिणी शिसवाची. २०१७ पासून या सबंध कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला आहे, आणि ते योग्यच झाले.

दुसऱ्या महायुद्धाबरोबर बंगळूरास नव्या तऱ्हेच्या छावण्या आल्या. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा (१९४८), यंत्रांचा (१९५३), इलेक्ट्रॉनिक्सचा (१९५४) असे सरकारी कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या वसाहतींत मराठी इंजिनियर, हिशेबनीस, केंद्र सरकारचे अधिकारी येऊन राहिले. या वसाहतींतले सामान म्हणजे दोन प्रकारचे. एक सरकारी: पांढऱ्या रंगाने आकडा घातलेली खुर्ची, जिचा आकडा निरोपाच्या दिवशी यादीशी ताडून पाहिला जाई. दुसरे स्वतःचे, म्हणजे पोलादी कपाट. आर्देशीर गोदरेजांनी १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केली होती. १९२३ पासून त्यांच्या कारखान्यात पोलादी कपाटे होऊ लागली. त्या कपाटास सौंदर्य नव्हते असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. परंतु ते वाळवीला भीत नव्हते, पावसाळ्याला भीत नव्हते, आणि गाडीतून उतरताना पोचा आला तरी कपाट म्हणून शाबूत राही. आमच्या वडिलांचे कपाट सात बदल्यांनंतरही कुलूप नीट लावते. आरशाच्या कडेचा रंग तेवढा गेला आहे.

मग हे स्क्रू न धरणारे कपाट आले कोठून? त्याचा एक जन्मदिवस सांगावयाचा झाल्यास आम्ही १२ डिसेंबर १९९६ सांगू. त्या दिवशी गोदावर्मन तिरुमुलपाड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेवाचून जंगलात कुऱ्हाड चालविण्यास देशभर मनाई केली. त्यापूर्वीच १९८८ च्या वननीतीने लाकडाच्या कारखान्यांना आपले लाकूड आपण पिकवा असे सांगितले होते. दांडेलीचा साग स्वस्तात मिळण्याचे दिवस गेले. ही पोकळी भरून काढली ती परदेशी लाकडाने, केरळातल्या म्हाताऱ्या रबराच्या झाडांनी, पंजाब-हरियाणातल्या शेताच्या बांधावरच्या पॉप्लरने, आणि मुख्यतः भुसा, चिपा व उसाची चिपाडे गोंदात दाबून केलेल्या पाट्यांनी. ही पाटी वाईट म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. आजोबांच्या पेटीच्या पायी एक झाड गेले, ते आम्ही लावलेले नव्हते. पण पाटीत लाकडाचा धागा सलग नसतो. स्क्रू पहिल्या वेळी आपले आटे दाबून बसवितो. तो काढला की त्या आट्यांचा भुगा होतो, आणि दुसऱ्या वेळी त्याला धरावयास काही राहत नाही. ओल लागली तर पाटी फुगते आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. म्हणजे हे सामान येते सुट्या पाट्यांत, परंतु जुळते एकदाच. बंगळूरातच मल्लेश्वरमला लाकूड-विज्ञानाची सरकारी संस्था आहे, तिचे मूळ १९३८ पासूनचे. तुमकूर रस्त्यावर प्लायवुडची संशोधनसंस्था आहे. तेथील जाणत्यांना, किंवा बऱ्या सुतारालाही, यावरचा उपाय ठाऊक आहे: पाटीत आधी आतून आटे असलेली धातूची नळी बसवावी, म्हणजे बोल्ट हवा तितक्या वेळा काढता-घालता येतो. खर्च फार येत नाही. मागणारा पाहिजे.

मागणारा का नाही, हे कळावयास गेल्या दहा-पंधरा वर्षांचे बंगळूर पाहावे. संगणकाच्या कामासाठी देशभरातून लाखो तरुण आले. तेही छावणीतल्या साहेबासारखेच, घर भाड्याचे आणि मुक्काम अनिश्चित. त्यांच्यासाठी याच शहरात अर्बन लॅडरसारखी घरबसल्या सामान विकणारी कंपनी २०१२ साली निघाली (२०२० मध्ये ती रिलायन्सच्या किरकोळ व्यापाराच्या कंपनीने घेतली), रेंटोमोजोसारख्या पलंग-सोफा महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या. जून २०२२ मध्ये नागसंद्र मेट्रो स्थानकाला लागून स्वीडनच्या आयकियाचे भव्य दुकान उघडले. या कंपनीची पुराणकथाच अशी, की १९५० नंतरच्या दशकात एका नोकराला मेज मोटारीत मावेना, म्हणून त्याने त्याचे पाय काढले, आणि १९५६ पासून सुटे सामान सपाट खोक्यात विकण्याची रीत पडली. छावणीतल्या सुताराने हेच काम शंभर वर्षे आधी बैलगाडीसाठी केले होते. भेद एवढाच, की त्याने पाय पुन्हा पुन्हा काढण्याचा विचार केला होता. खोक्यातल्या बऱ्याचशा सामानाचा विचार दुकानापासून पहिल्या घरापर्यंतचा आहे.

आणि आजची हौस तरी पाहा. नव्या घरांच्या सजावटीत ‘भारतीय बैठक’ म्हणून एक कोपरा असतो: जमिनीवर गादी, दोन लोड, पितळी समई. वेताच्या जाळीची दारे पुन्हा आली आहेत. लाल ऑक्साइडची जमीन घालणारा कारागीर शोधून शोधून बोलवावा लागतो. इकडे जुने बंगले पडतात, त्यांची सागवानी दारे शिवाजीनगराकडच्या जुन्या सामानाच्या दुकानांत येतात, आणि शहराबाहेरच्या नव्या बंगल्यांत आडवी होऊन जेवणाची मेजे होतात. ज्या घरात ते दार उभे होते त्याच्या मालकाच्या नातवाने ते विकत घेतल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. सरकारी सामानाची गोष्ट तर याहून बोलकी. चंडीगढच्या कचेऱ्यांसाठी पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० नंतर ज्या सागवानी, वेताच्या खुर्च्या झाल्या, त्या पुढे मोडके सामान म्हणून लिलावात गेल्या. परदेशात त्यांना लाखांच्या किमती येऊ लागल्या तेव्हा २०११ साली गृहमंत्रालयाला त्यांची विक्री थांबवावी लागली. निर्लेखनाच्या कागदावर सही करणारा अधिकारी तुमच्या-आमच्यासारखाच असेल, यादीत ‘खुर्ची, जुनी, नग इतके’ एवढेच लिहिलेले असेल. आम्हीही अशा याद्यांवर सह्या केल्या आहेत, आणि त्या खुर्च्या उचलून पाहिल्या नव्हत्या.

आमचे पांढरे कपाट अखेर भंगारवाल्यालाही नको झाले. त्याने आरसा आणि मुठी घेतल्या. पुढच्या बदलीचा हुकूम आता आला आहे, गुवाहाटीचा. मल्लेश्वरमच्या त्याच मिस्त्रीला बोलावून आम्ही आजोबांची पेटी उघडविली. वरचा मजला उचलून त्याने बाजूला ठेवला, पायांचे आटे उलटे फिरवून चारी पाय काढले, आणि बोटाने आम्हांस दाखविले: प्रत्येक पायाच्या टोकावर आणि त्याच्या खोबणीत पटाशीने मारलेल्या रेघा आहेत, एक, दोन, तीन, चार, म्हणजे कोणता पाय कोठे जावयाचा याची खूण. त्याने पाय कागदात गुंडाळले, खालच्या खणात ठेवले, आणि मजुरी सांगितली तीनशे रुपये.